६३० आणि २२०० मीटरवर आवाजाने बोलायचंय? अमेरिकेतली नोंदणी, पात्रता आणि हमखास अडणाऱ्या जागा

"नोंदणी करून दोन महिने झाले, अजून परवानगीचं पत्र आलं नाही. कुठे फोन करू?" अमेरिकेतल्या मराठी हॅम (हौशी रेडिओ चालवणाऱ्या) मित्रांकडून हा प्रश्न मला सतत येतो. उत्तर ऐकून प्रत्येकाचा जीव हळहळतो, कारण तसं पत्र येतच नाही. तीस दिवसांत हरकत आली नाही, की तीच परवानगी. उरलेला महिना ही माणसं विनाकारण रिग (रेडिओ संच) बंद ठेवून बसलेली असतात.

थोडी पार्श्वभूमी. १३५.७ ते १३७.८ किलोहर्ट्झ म्हणजे २२०० मीटर बँड आणि ४७२ ते ४७९ किलोहर्ट्झ म्हणजे ६३० मीटर बँड. जागतिक रेडिओ परिषदांनी पहिला २००७ मध्ये आणि दुसरा २०१२ मध्ये हौशी रेडिओला दिला. अमेरिकेत एफसीसीने (तिथल्या सरकारी दूरसंचार नियामकाने) दोन्ही बँड २०१७ मध्ये खुले केले. मोर्स, डेटा, चित्र आणि आवाज, सगळ्याला नियमात मुभा आहे.

पात्रता सोपी आहे: जनरल, अॅडव्हान्स्ड किंवा एक्स्ट्रा वर्गाचा परवाना. टेक्निशियन परवान्यावर हे बँड मिळत नाहीत. टेक्निशियन आणि जनरल, दोन्ही परीक्षा एकाच दिवशी देता येतात. प्रत्येकी ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास. नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. अमेरिकेतला टपालाचा पत्ता मात्र हवा. एच-४ व्हिसावर आलेल्या कित्येक जणी "माझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नाही" म्हणून परीक्षेचा नाद सोडून देतात. कृपा करून सोडू नका. परीक्षेआधी एफसीसीकडे जो नोंदणी क्रमांक काढावा लागतो, त्या नोंदणीतच हा नंबर नसल्याचं कारण निवडायची सोय आहे. ओळखीसाठी भारतीय पासपोर्ट न्या. नवीन परवाना असेल तर पास झाल्यावर ३५ डॉलर भरण्यासाठी ईमेल येतो आणि मुदत असते दहा दिवसांची. हे दहा दिवस कॅलेंडरचे आहेत, कामाचे नव्हेत, शनिवार-रविवार त्यातच धरलेले. ईमेल स्पॅममध्ये पडून राहिला आणि अर्ज रद्द झाला, असं होऊ देऊ नका.

आता घोडं जिथे खरोखर पेंड खातं ती जागा. परवाना हातात आला तरी या दोन बँडवर लगेच प्रक्षेपण करता येत नाही. आधी युटिलिटीज टेक्नॉलॉजी कौन्सिल, म्हणजे यूटीसीला कळवावं लागतं. जुन्या लिखाणात युटिलिटीज टेलिकॉम कौन्सिल असं नाव दिसेल, संस्था तीच. हे सरकारी खातं नाही, वीज कंपन्यांसारख्या सेवा कंपन्यांची संघटना आहे. त्यामुळे एफसीसीच्या संकेतस्थळावर हा फॉर्म शोधत बसू नका. नोंदणी यूटीसीच्या संकेतस्थळावर होते. मागितलेली माहिती इनमीन तीन गोष्टींची: कॉल साइन (परवान्यासोबत मिळणारं स्टेशनचं ओळखनाव), कोणता बँड किंवा दोन्ही, आणि अँटेनाच्या जागेचे अक्षांश-रेखांश.

तिसऱ्या गोष्टीत सगळे अडखळतात. अँटेनाची जागा म्हणजे तुमचा टपालाचा पत्ता नव्हे. परवान्यावर पोस्ट बॉक्स लिहिलेला असतो आणि लोक त्या पोस्ट ऑफिसचे आकडे टाकून मोकळे होतात. दुसरी चूक मी एका मित्राच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून पाहिली. घर न्यू जर्सीतल्या एडिसनचं. फोनच्या नकाशात अक्षांश दिसत होता ४०.५२. त्याने लिहिलं ४० अंश ५२ मिनिटं. दशांशातले ०.५२ अंश म्हणजे ३१ मिनिटं १२ सेकंद. या एका घाईत त्याची अँटेना उत्तरेला जवळजवळ ३८ किलोमीटर सरकली. शिवाय रेखांशापुढचं उणे चिन्ह गळलेलं होतं. पश्चिमेचा ७४.४ पूर्वेचा झाला की एडिसन थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतं. चहा बाजूला ठेवून आम्ही सगळं पुन्हा भरलं.

दशांशाची दोनच घरं टाकूनही चालत नाही. ०.०१ अंश म्हणजे उत्तर-दक्षिण १.१ किलोमीटरच्या आसपास, आणि इथे नियमाचा निकाल एका किलोमीटरवर लागतो. चार घरं टाका. परसात अँटेनाच्या बुंध्याशी उभं राहून फोनवर आकडे घ्या, दिवाणखान्यात बसून नको.

एक किलोमीटर कशासाठी, तेही समजून घ्या. वीज कंपन्या उच्चदाब पारेषण वाहिन्यांवरून याच पट्ट्यात संदेश पाठवतात. त्याला पॉवर लाइन कॅरिअर म्हणतात. वाहिनीत बिघाड झाला की ब्रेकर उघडायचा इशारा याच वाटेने जातो, म्हणून त्यांची काळजी रास्त आहे. तुमची अँटेना अशा वाहिनीपासून एक किलोमीटरच्या आत असेल आणि तिच्यावर तीच किंवा तिला छेदणारी फ्रिक्वेन्सी चालू असेल, तर यूटीसी हरकत कळवते. मग त्या जागेवरून त्या बँडवर प्रक्षेपण करता येत नाही.

पण कुठल्या वाहिनीवर काय चालू आहे, ती यादी आपल्याला पाहायला मिळत नाही. पाळायचा नियम आपण आणि तपासायची यादी दुसऱ्याकडे, ही गोष्ट मला पटत नाही. ज्याने शंभर फूट तार, ती जुळवणारी कॉइल आणि जमिनीत पुरलेल्या तारांवर महिनाभर घाम गाळला, त्याला आधी अंदाज घेता यायला हवा. तसं होईपर्यंत माझा सल्ला एकच: आधी नोंदणी, मग खर्च.

एक गैरसमज मात्र मनातून काढून टाका. गल्लीतल्या खांबावरून घरात येणारी वीज या नियमात धरलेली नाही. उपकेंद्रापासून ग्राहकापर्यंतच्या वितरण तारा वेगळ्या, पारेषण वाहिन्या वेगळ्या. दारातला खांब बघून "आपल्याला परवानगी मिळणारच नाही" म्हणत नोंदणीच न करणारे लोक मला भेटले आहेत.

नोंदणीची पोच आणि तारीख जपून ठेवा, तीस दिवस त्या तारखेपासून मोजा आणि त्याआधी चाचणीपुरतंही प्रक्षेपण करू नका. स्टेशन कायमच्या एका जागी असावं लागतं. गाडीतून किंवा शिबिरातून हे बँड वापरता येत नाहीत. अँटेनाची उंची जमिनीपासून ६० मीटरच्या आत. घर बदललं की नव्या जागेसाठी पुन्हा नोंदणी आणि पुन्हा तीस दिवस. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावं.

एवढं करून खरा प्रश्न उरतो तो आवाजाचा. नियमात मुभा आहे म्हणजे आवाज बँडमध्ये मावतो, असं नाही. २२०० मीटर बँड अख्खा २.१ किलोहर्ट्झ रुंद आहे आणि नेहमीचा सिंगल साइडबँड आवाज साधारण २.७ किलोहर्ट्झ जागा घेतो. तो दोन्ही कडांच्या बाहेर सांडतो, आणि बँडबाहेर प्रक्षेपण हा सरळ सरळ नियमभंग आहे. फिल्टरने आवाज दाबून अरुंद केला तरी अँटेना आडवी येते: इतकी आखूड तार १३७ किलोहर्ट्झला जेमतेम काही शे हर्ट्झ पट्ट्यावरच जुळते. तिथे मोर्स आणि संथ डिजिटल पद्धतीच शोभतात. आवाजासाठी ६३० मीटरच धरा. त्याची रुंदी ७ किलोहर्ट्झ. दोन संभाषणं झाली की बँड भरला. म्हणून आधी बराच वेळ ऐका. कुणाचा क्षीण डिजिटल सिग्नल सुरू असेल तर त्याच्यावर बसू नका.

शक्तीच्या मर्यादेतही दोन आकडे आहेत आणि लोक एकच वाचतात. ६३० मीटरवर ट्रान्समीटर ५०० वॅट पीईपीपर्यंत (म्हणजे शिखराच्या शक्तीपर्यंत) चालतो, पण अँटेनातून फेकली जाणारी शक्ती ५ वॅट ईआयआरपीच्या (सगळ्या दिशांना सारखं फेकणाऱ्या अँटेनाशी तुलना करून मोजलेल्या शक्तीच्या) आत हवी. रशियापासून ८०० किलोमीटरच्या आतल्या अलास्कात ती १ वॅट. २२०० मीटरवर दीड किलोवॅट आणि १ वॅट. रिगवरचा आकडा बघून घाबरू नका आणि बेफिकीरही राहू नका, हिशेब करा. १५ मीटरची साधी उभी तार ४७५ किलोहर्ट्झला फक्त ०.२२ ओहम रेडिएशन रेझिस्टन्स (ज्या रोधातली शक्ती लहरी बनून बाहेर पडते तो) दाखवते. जमीन आणि कॉइल मिळून नुकसान ३० ओहम धरलं, तर ५ वॅट ईआयआरपीला तारेत सुमारे २.७ अँपिअर प्रवाह लागतो आणि त्यासाठी साधारण २२५ वॅट ओतावे लागतात. आवाजात शक्ती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून हिशेब शिखराचा करा, सरासरीचा नव्हे. अँटेनाच्या बुंध्याशी आरएफ अँपिअरमीटर लावा आणि त्याच्या नोंदी वहीत ठेवा. कुणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला तोच कागद असेल.

त्याच हिशेबात कॉइलच्या वरच्या टोकाला दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब येतो. एका संध्याकाळी माझ्या तारेचं टोक मेपलच्या डहाळीला टेकलेलं होतं. मी बोलत होतो आणि प्रत्येक शब्दाच्या जोरासरशी तिथे निळी ठिणगी उठत होती. शब्द थांबला की विझत होती. सकाळी पाहिलं तर पान कडेने जळलं होतं. कॉइलभोवती कुंपण घाला आणि लहान मुलांना तिकडे फिरकू देऊ नका.

बोलायचं मराठीत? खुशाल बोला, भाषेवर बंधन नाही. कॉल साइन मात्र इंग्रजीतच सांगावी लागते: निदान दर दहा मिनिटांनी एकदा, आणि संभाषण संपवताना पुन्हा एकदा. गप्पा रंगल्या की दहा मिनिटं कधी उलटतात ते कळत नाही, म्हणून रिगशेजारी टायमर ठेवा.