सॅटेलाइट अँटेनाच्या डोमचं काम झाल्यावर जुना बॅकअप चढवण्याआधी
(सप्लाय बोटी, टग आणि कोस्टल जहाजांवरच्या आमच्या ग्राहकांसाठी)

आम्हाला येणारा नेहमीचा फोन असा असतो: "काल तुमचा माणूस काम करून गेला तेव्हा लॉक होतं, आज नाही." (लॉक म्हणजे डिशने उपग्रहाचा सिग्नल पकडून ठेवणं.) मध्ये काही केलंत का, असं विचारलं की उत्तर येतं, "काही नाही, फक्त आमचा बॅकअप चढवला."

हा पत्रक-प्रपंच त्या 'फक्त'साठी आहे. मेनू कुठे आहे, पासवर्ड काय, हे तुम्हाला माहीत आहेच. एसीयूच्या, म्हणजे डिश चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या, बॅकअप फाईलमध्ये नेमकं काय असतं, एवढंच इथे सांगतो.

फाईल एक असली तरी आत तीन ठिकाणचे आकडे असतात. काही सेवेचे: उपग्रह कोणता, ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी, एलएनबीचा (डिशवरच्या रिसीव्हरचा) लोकल ऑसिलेटर. काही जहाजाचे: जायरोचा (जहाजाची दिशा सांगणाऱ्या होकायंत्राचा) प्रकार, बॉड रेट (त्याच्या डेटाचा वेग), आणि मास्ट किंवा फनेल (धुराडं) आडवं येतं ते ब्लॉकिंग झोन. आणि काही खुद्द वरच्या पेडेस्टलचे, म्हणजे डिश फिरवणाऱ्या बैठकीचे. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे होम सेन्सर (डिशची शून्य जागा दाखवणारा) आणि जहाजाची नाळ (पुढचं टोक) यांच्यातला कोन, म्हणजे हेडिंग ऑफसेट. कोणी त्याला अझिमथ ट्रिम म्हणतं. मोटर, बेल्ट, एन्कोडर (कोन मोजणारा भाग) किंवा होम सेन्सर बदलला, किंवा ड्राय डॉकमध्ये डोम उतरवून पुन्हा बसवला, की हा आकडा बदलू शकतो. म्हणून आम्ही तो नव्याने मोजतो. जुनी फाईल चढवली की मोजलेला आकडा पुसला जातो आणि आधीचा परत येतो. एसीयू कसलीही तक्रार करत नाही, कारण त्याच्या लेखी आकडा वैधच असतो.

उदाहरण घ्या. जुना ऑफसेट १२.५ अंश होता, कामानंतर ७ आला. फरक साडेपाच अंशांचा. जीसॅट-११ हा उपग्रह ७४ अंश पूर्वेवर आहे, म्हणजे मुंबईहून डिश साधारण ६८ अंश वर बघते. इतक्या उंचीवर दिशेतली साडेपाच अंशांची चूक आकाशात दोन अंशांच्या आसपास उरते. हे कमी वाटेल, पण एक मीटर डिशचा केयू बँडचा (या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातला) झोत पुरता दोन अंशांचाही नसतो. उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर आहे. तिथे एक अंश म्हणजे सव्वासहाशे किलोमीटर.

गंमत अशी, की कधीकधी तरीही लॉक येतं. एसीयू गोल गोल शोधत राहतो आणि धक्क्यावर जहाज स्थिर असताना त्याला सिग्नल सापडतो. मग वाटतं, सगळं ठीक आहे. बोट मुंबई हायच्या, म्हणजे समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या, वाटेला लागते, एका वळणावर मास्ट आडवा येऊन सिग्नल तुटतो, आणि डिश पुन्हा चुकीच्या जागेपासून शोधायला सुरुवात करते. शिवाय ब्लॉकिंग झोनही तेवढेच सरकलेले असतात. ट्रान्समिट (डिशकडून होणारं प्रक्षेपण) जिथे बंद व्हायला हवं तिथे ते चालू राहतं, तेही मास्टवर किंवा डेकवर काम करणाऱ्या माणसाच्या दिशेने. नेट नसणं परवडलं, हे नाही.

मग बॅकअप चढवायचाच नाही का? चढवा, पण आधी सध्याची फाईल नव्या नावाने आणि तारखेने उतरवून घ्या. मग पेडेस्टलचे आकडे, म्हणजे हेडिंग ऑफसेट, पोलरायझेशन ऑफसेट (सिग्नलच्या कलाचा) आणि लेव्हल कॅलिब्रेशन (सपाटीचं), वहीत लिहा. मोबाईलवर फोटो काढलात तरी चालेल. त्यानंतर जुनी फाईल चढवा, ते आकडे हाताने परत भरा आणि सेव्ह करा. सेव्ह करायचं राहून गेलं तर पुढच्या वेळी वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सॉफ्टवेअर बदललं असेल तर जुन्या आवृत्तीची फाईल वापरू नका. काही युनिट ती नाकारतात, काही अर्धी घेऊन बाकी जागी फॅक्टरीचे आकडे ठेवतात. आणि बाजूच्या सिस्टर शिपची फाईल तर मुळीच नको. जहाजं जुळी असली तरी डोमचे बोल्ट जुळे नसतात.

आणखी एक. ड्राय डॉकमध्ये जायरो बंद होता? तो सुरू करून स्थिरावायला काही तास लागतात. तोवर लॉक नाही म्हणून सेटिंगला हात लावू नका.

"काम संपलं तरी तुमचा माणूस तासभर का बसून राहतो, आणि त्याचे पैसे का लावता?" हेही विचारलं जातं. तो तास ऑफसेट मोजण्याचा, झोन तपासण्याचा आणि नवी फाईल उतरवण्याचा असतो. एसीयूवर आम्ही तारीख आणि ऑफसेट लिहिलेलं स्टिकर चिकटवतो, ते कृपया काढू नका. जुनी फाईल आम्ही पुसत नाही, नावापुढे 'जुनी' असं लिहून ठेवतो. वार्षिक करार असलेल्या बोटींच्या फाईलींची एक प्रत आमच्या माझगावच्या वर्कशॉपमध्येही असते. अशा वेळी फोनवरच काम होतं, बोट धक्क्याला आणावी लागत नाही. करार नसला तरी फोन करा, पण तेव्हा सांभाळून ठेवलेले आकडे शोधण्यात जाणारा वेळ तुमचा असेल.

फोन करण्याआधी तीन फोटो पाठवा: एसीयूचा मुख्य स्क्रीन, जायरो रिपीटरवरचं (जायरोची दिशा दाखवणाऱ्या डायलवरचं) हेडिंग आणि आमचं स्टिकर. बहुतेक वेळा स्टिकरवरचा आणि स्क्रीनवरचा ऑफसेट वेगळा दिसतो, आणि बोलणं दोन मिनिटांत संपतं.