योको कान्नो

योको कान्नो या जपानी संगीतकार. व्हिडिओ गेम, अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन), चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिराती अशा सगळ्या ठिकाणी त्यांनी संगीत दिले असले, तरी जपानबाहेर त्या ओळखल्या जातात त्या ‘काउबॉय बीबॉप’ या अ‍ॅनिमे मालिकेमुळे. त्यांचा जन्म ईशान्य जपानमधील मियागी प्रांतातल्या सेंदाई शहरातला.

टोकियोच्या वासेदा विद्यापीठात शिकत असतानाच कोएई या गेम कंपनीचे काम त्यांच्याकडे आले. प्राचीन चीनमधल्या तीन राज्यांच्या संघर्षावरचा ‘सांगोकुशी’ (१९८५), त्यानंतर ‘नोबुनागाज अँबिशन’ मालिकेतले गेम आणि सागरी सफरींवरचा ‘अनचार्टेड वॉटर्स’ (१९९०) यांचे संगीत त्यांचे आहे. त्या काळच्या घरगुती संगणकाच्या ध्वनी-चिपमधून एका वेळी मोजकेच स्वर निघत. शिवाय अशा डावपेचांच्या गेममध्ये खेळाडू विचार करत बसलेला असताना तीच धून तासन्‌तास वाजत राहते, त्यामुळे ती कंटाळवाणी होऊन चालत नाही. त्यांच्या पुढच्या भरगच्च वाद्यवृंदातही मूळ चाल ठसठशीत राहते, त्याचे श्रेय या उमेदवारीला द्यायला हवे. याच दशकात ‘तेत्सु १००%’ या बँडमध्ये त्या कीबोर्ड वाजवत.

अ‍ॅनिमेत त्यांचे नाव झाले ते ‘मॅक्रॉस प्लस’मुळे (१९९४). शॅरन अ‍ॅपल ही संगणकाने घडवलेली गायिका कथेच्या केंद्रस्थानी असल्याने गाणी ही कथेचीच गरज होती. वाद्यवृंदाच्या रचनांसाठी इस्रायल फिलहार्मोनिकचे वादक घेतले गेले. ‘द व्हिजन ऑफ एस्काफ्लोने’चे (१९९६) संगीत त्यांनी संगीतकार हाजिमे मिझोगुची यांच्यासोबत केले. त्याचे शीर्षकगीत गाणाऱ्या माया साकामोतो यांचे ते पदार्पण होते आणि पुढची कित्येक वर्षे कान्नो त्यांच्यासाठी गाणी रचत राहिल्या.

‘काउबॉय बीबॉप’ (१९९८) या २६ भागांच्या मालिकेचे दिग्दर्शक शिनइचिरो वातानाबे. कान्नो यांनी न मागितलेल्या रचनाही त्यांच्या हाती ठेवल्या आणि त्या ऐकून त्यांना नवी दृश्ये सुचली. चित्र तयार झाल्यावर त्याला बेतून संगीत द्यायचे, हा नेहमीचा क्रम इथे बऱ्याचदा उलटला. या कामासाठी जमवलेल्या वादकांचा संच ‘सीटबेल्ट्स’ या नावाने प्रसिद्ध झाला. ‘टँक!’ हे त्यांचे शीर्षकसंगीत बिग बँड जॅझचे. जॅझ कधीही न ऐकलेल्या कितीतरी तरुणांना त्याची गोडी या एका तुकड्याने लावली. मालिकेत ब्लूज, कंट्री, हेवी मेटल सगळेच आहे. पाचव्या भागात चर्चच्या खिडकीतून नायक स्पाइक खाली कोसळतो, तेव्हा बंदुकांचे आवाज थांबतात आणि कोवळ्या स्वरातले ‘ग्रीन बर्ड’ सुरू होते. मारामारीच्या ऐन टोकाला इतके शांत गाणे ठेवण्याची हिंमत फार थोड्यांत असते.

या गाण्याचे शब्द कोणत्याही भाषेतले नाहीत. ते लिहिणाऱ्या ‘गॅब्रिएला रॉबिन’बद्दल चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षे तर्क चालले. ती कोण, याचा उलगडा २००९ साली सायतामा सुपर अरीनातील मैफलीत झाला: ते कान्नो यांचेच टोपणनाव होते. अर्थाच्या आधी नाद, हे त्यांच्या गीतरचनेचे मर्म यातून दिसते. ‘घोस्ट इन द शेल: स्टँड अलोन कॉम्प्लेक्स’साठी (२००२) त्यांनी रशियन गायिका ओरिगा यांचा आवाज निवडला, तर ‘टेरर इन रेझोनन्स’साठी (२०१४) आइसलंडचे गायक आर्नोर दान यांचा. ‘मॅक्रॉस फ्रंटियर’मधल्या (२००८) दोन गायिकांसाठी मात्र त्यांनी अस्सल जपानी पॉप रचले.

मार्च २०११च्या भूकंप आणि त्सुनामीत मियागीची अतोनात हानी झाली. त्यानंतर एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेच्या मदतमोहिमेसाठी ‘हाना वा साकू’ (२०१२) हे गीत तयार झाले. चाल कान्नो यांची, शब्द सेंदाईचेच चित्रपटदिग्दर्शक शुनजी इवाई यांचे. ईशान्य जपानशी नाते असलेल्या अनेक कलावंतांनी ते एकेक ओळ वाटून घेऊन गायले. गीताच्या मानधनाची रक्कम आपद्ग्रस्तांसाठी दिली गेली. चाल इतकी साधी आहे की शाळकरी मुलांच्या समूहालाही ती सहज पेलते. कान्नो यांच्या गुंतागुंतीच्या रचनांइतकीच ही साधेपणाची ताकदही मोलाची आहे.

सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणानिमित्त ९ नोव्हेंबर २०१९ रोजी टोकियोत झालेल्या सोहळ्यासाठी ‘रे ऑफ वॉटर’ ही तीन भागांची रचना त्यांनीच केली. सम्राटांच्या अभ्यासाचा विषय असलेले पाणी हेच तिचे सूत्र होते. तिचा शेवटचा भाग आराशी या जपानी पॉप गायकांच्या गटाने गायला. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने ‘काउबॉय बीबॉप’ प्रत्यक्ष अभिनेत्यांसह नव्याने केली, तेव्हा संगीतासाठी पुन्हा कान्नो यांनाच बोलावण्यात आले.