घाणेरीच्या जागी देशी झुडपं

बागेत, कुंपणाला, सोसायटीच्या कडेला माजलेली घाणेरी मुळासकट काढायची आणि तिथे आपल्याच भागातली झुडपं लावायची, असं हे काम आहे. घाणेरीला टणटणी पण म्हणतात, नर्सरीवाले लँटाना म्हणतात. ती मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण भागातली, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झाड म्हणून कोलकात्याच्या बोटॅनिकल गार्डनमधे आली आणि मग कुंपणाला बरी म्हणून लोकांनी देशभर नेली. आज जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० परक्या जातींच्या यादीत तिचं नाव आहे.

पसरते कशी तर काळी गोड फळं बुलबुल खातात आणि बिया लांबवर टाकतात, शिवाय जमिनीला टेकलेली फांदी पण मूळ धरते. खाली गवत उगवत नाही, गुरांनी पाला खाल्ला तर लिव्हर खराब होतं आणि उन्हात कातडी सोलवटते. एक गैरसमज मात्र काढायला हवा, बाहेरून आलेलं प्रत्येक झाड वाईट नसतं. बोगनवेल आणि पांढरा चाफा पण अमेरिकेकडचेच, पण ते स्वतःहून रानात घुसत नाहीत, म्हणून त्यांच्या मागे लागायची गरज नाही.

काढायची पद्धत महत्त्वाची, कारण वरून कोयत्याने छाटली की ती दुप्पट फुटव्यांनी परत येते. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबूंच्या टीमने साधी पद्धत दाखवली, मातीच्या जरा खाली सोटमूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं, म्हणजे फांद्या परत रुजत नाहीत. पहिल्या पावसात माती मऊ असते तेव्हा सोपं जातं. सगळं एकदम साफ करू नका प्लीज, आत मुनिया, सातभाई असे पक्षी आसऱ्याला असतात, एक पट्टा काढा, तिथे लगेच त्याच पावसात रोपं लावा, मग पुढचा घ्या. जागा मोकळी ठेवली तर तिथे रानमोडी येते आणि ती पण परकीच.

आता लावायचं काय. कुंपण हवं असेल तर करवंदाला तोड नाही, काटे आहेत, गुरं आत येत नाहीत आणि उन्हाळ्यात फळं मिळतात. अडुळसा आणि निर्गुडीला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, दोन्ही फांदीवरून येतात त्यामुळे शेजाऱ्याकडून काड्या आणल्या तरी काम होतं. उतारावर, मुरमाड जागी, भर उन्हात धायटी लावा, उन्हाळ्याच्या तोंडाला लाल फुलांनी भरते आणि सूर्यपक्षी दिवसभर तिथेच असतात. बाळघुटीतली मुरुडशेंग पण झुडूपच आहे हे कित्येकांना माहीत नसतं, तिची फुलं बघाच एकदा.

घाणेरीवर फुलपाखरं येतात मग काढायची कशाला, हा प्रश्न नेहमी येतो. येतात हे खरं, पण मध प्यायला, आपल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्यांना तिची पानं चालत नाहीत. अळीला तिचं ठरलेलं झाड लागतं. कढीपत्त्यावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉन, जे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, आणि भूतकेसावर कमांडर. भूतकेस म्हणजे केशरी फुलाशेजारी पांढरं पान असणारं आपलं रानातलं झुडूप, नर्सरीतला गुलाबी मुसांडा वेगळा, घेताना विचारून घ्या.

कोकणातलं सगळं मराठवाड्यात जगेल असं नाही, जवळच्या टेकडीवर काय उगवतं ते आधी बघून या, पण तिथून रोपं उपटू नका. करवंद, अडुळसा वगैरे वन खात्याच्या रोपवाटिकेत सहसा मिळतात.

पुढचे दोनतीन पावसाळे मात्र लक्ष ठेवावंच लागतं कारण मातीत जुन्या बिया असतात. पान खरखरीत लागलं आणि चुरगळल्यावर तो उग्र वास आला की घाणेरीच, बोटभर असतानाच हाताने उपटून टाकायची.