ओके म्हणजे 'ऑब्जेक्शन किल्ड' नव्हे

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका काकांचा पुन्हा तोच फॉरवर्ड: 'ओके' म्हणजे 'ऑब्जेक्शन किल्ड'. खाली १७ अंगठे! काका, तसं काही नाही हो. १८३०च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लघुरूपं छापायची टूम होती. 'ऑल करेक्ट'मधल्या ए-च्या जागी ओ आणि सी-च्या जागी के घातला, झालं ओके. २३ मार्च १८३९ला 'बॉस्टन मॉर्निंग पोस्ट'मध्ये ते छापून आलं. आपण गमतीनं 'बरूबर' लिहितो ना, तसलाच हा प्रकार. पुढच्या वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष व्हॅन ब्युरेन यांच्या 'ओल्ड किंडरहूक' या टोपणनावामुळे (आद्याक्षरं तीच, ओ आणि के!) निवडणुकीत ते गाजलं. शब्दांचा इतिहास शोधणारे अभ्यासक ॲलन वॉकर रीड यांनी १९६०च्या दशकात जुने अंक धुंडाळून हे दाखवून दिलं. एवढं सगळं टाइप केलं. काकांचं उत्तर: 'ओके.'