तंबाखूसेवन आणि आरोग्य विम्याचा हप्ता

तंबाखूचे व्यसन असलेल्या ग्राहकाकडून विमा कंपनी नेहमीच्या हप्त्यावर जी जादा रक्कम घेते, तिला विमा व्यवहारात 'लोडिंग' म्हणतात. मुदतीच्या जीवन विम्यात, म्हणजे टर्म प्लॅनमध्ये, ही आकारणी उघड असते. दर सांगण्याआधीच सिगारेटचे विचारले जाते. आरोग्य विम्यात चित्र इतके स्पष्ट नाही. प्रपोजल फॉर्ममधली, म्हणजे विमा घेताना भरायच्या अर्जातली, उत्तरे आणि तपासण्यांचे रिपोर्ट पाहून कंपनी हप्ता वाढवते, तोच ठेवते किंवा पॉलिसी नाकारते.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या पुष्कळ नोकरदारांना हा प्रश्न कधी विचारलाच जात नाही. वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापे पट्ट्यात दरमहा 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार 'कामगार राज्य विमा योजने'त (ईएसआय) येतो. तो पगाराच्या 0.75 टक्के भरतो, मालक 3.25 टक्के, विडी ओढणारा आणि न ओढणारा दोघांची कपात सारखीच. ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतल्या गट विम्यात हप्ता सगळ्या गटाचा मिळून ठरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भार सरकार उचलते. लोडिंगचा संबंध येतो तो स्वतःच्या खिशातून मेडिक्लेम काढणाऱ्यांशी: रिक्षाचालक, दुकानदार, निवृत्त माणसे.

जास्त आजाराचा धोका पत्करणाऱ्याने जास्त भरावे, हा युक्तिवाद रास्त आहे. पण आपल्याकडे तो 'धूम्रपान करता का?' एवढ्यावरच थांबला, तर बहुतेक व्यसन निसटते. 2016-17च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूर काढणारे मात्र केवळ 3.8 टक्के होते. म्हणजे सातांपैकी सहा जण त्या प्रश्नाला खरेपणाने 'नाही' म्हणू शकतात. बाकीची तंबाखू चुन्याबरोबर तळहातावर मळली जाते, माव्यात किंवा गुटख्यात जाते (राज्यात गुटख्यावर 2012पासून बंदी आहे), आणि सकाळी मोरीशी मिश्री म्हणून दातांना लागते. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून मिश्री होते. ती बोटाने हिरडीवर घासणारी आजी 'मी तंबाखू खात नाही' म्हणते, तेव्हा खोटे बोलत नसते. तिच्या लेखी ते दात घासणेच असते. तोंडाच्या कर्करोगाला हा भेद कळत नाही. खारघरच्या टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये तोंडाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्यांत कधीही सिगारेट न ओढलेले लोक असतात.

फॉर्म पुष्कळदा एजंट भरतो. स्टुलावर कागद ठेवून नाव, वय, उंची, वजन विचारतो आणि सवयींच्या रकान्यात भराभर 'नाही'वर खुणा करत खाली सही घेतो. ही खूण महागात पडते ती पुढे, रुग्णालयात. भरतीच्या वेळी निवासी डॉक्टर नातेवाइकाला विचारतात, 'काही व्यसन?' घाबरलेला मुलगा खरे ते सांगतो: 'वीस वर्षांपासून तंबाखू खातात.' केस पेपरवर तशी नोंद होते आणि कॅशलेसच्या, म्हणजे बिल कंपनीने परस्पर रुग्णालयाला भरावे यासाठीच्या, अर्जासोबत ती कंपनीपर्यंत पोहोचते. मग माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम अडतो. विमा करार परम विश्वासाचा मानला जातो, त्यामुळे 'एजंटने भरले' एवढ्या उत्तरावर सुटका होईलच असे नाही. 2024पासून नियम असा आहे की पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिली, तर सिद्ध झालेली फसवणूक वगळता माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही.

अमेरिकेत 2010च्या आरोग्य कायद्याने तंबाखू वापरणाऱ्यांकडून दीडपटीपर्यंत हप्ता घेण्याची मुभा दिली. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कसारख्या राज्यांनी ती नाकारली. 2016मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले की या अधिभारामुळे धूम्रपान करणारे विमाच कमी घेऊ लागले, व्यसन सोडणाऱ्यांचे प्रमाण मात्र वाढले नाही. ज्याला उपचारांची गरज सर्वांत जास्त, तोच विम्याबाहेर राहिला. म्हणून जादा हप्ता घ्यायचाच, तर तो सर्व प्रकारच्या तंबाखूला लागू असावा, त्याचा दर आधी छापलेला असावा, आणि व्यसन सुटल्यावर तो उतरावा. लघवीतल्या कोटिनिनच्या (निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थाच्या) तपासणीत ओढलेली आणि खाल्लेली, दोन्ही तंबाखू दिसते. मात्र कोटिनिन काही दिवसांतच शरीरातून निघून जात असल्याने एका तपासणीवरून सवय सुटली असे म्हणता येत नाही.

क्लेम नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. तिथे दाद लागली नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येते. ठाणे आणि नवी मुंबईसाठी हे कार्यालय आता ठाण्यातच आहे आणि तिथे शुल्क लागत नाही. तक्रारीला सर्वांत उपयोगी कागद म्हणजे भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत. ती पॉलिसीसोबतच येते. पॉलिसी हातात पडल्याच्या दिवशीच त्यातला सवयींचा रकाना वाचावा आणि चूक असेल, तर कंपनीला लेखी कळवावे. हप्ता वाढला तरी चालेल, पण नोंद खरी असावी.