दुखणं सोसताना गाणं सोबतीला : पेशंट आणि घरच्यांसाठी माहिती

नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत सकाळी उभं राहिलं की सगळा विदर्भ दिसतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाची माणसं असतात, शेजारच्या बालाघाट-छिंदवाड्याचीही असतात. धंतोली-रामदासपेठेतल्या खाजगी दवाखान्यांत वेगळं चित्र नाही. औषध, ऑपरेशन, किमो, डायलिसिस या शहरात मिळतं. पण पट्टी बदलताना येणारी कळ, सुईची धास्ती, रात्री दोन वाजता वॉर्डात डोळा न लागणं, हे ज्याचं त्यालाच सोसावं लागतं. आमचं काम तिथे सुरू होतं.

आम्ही तिघं आहोत. दोघं गाणारे आणि एक वाजवणारा. पेशंटच्या डॉक्टरांना विचारून आम्ही दवाखान्यात किंवा घरी येतो आणि त्या माणसाला दुखणं थोडं सुसह्य व्हावं म्हणून त्याच्यासोबत गातो, वाजवतो, कधी नुसतं ऐकतो. हे पत्रक लिहिण्याचं कारण म्हणजे पहिल्याच फोनवर बहुतेक जण एकच विचारतात : ‘याने आजार बरा होतो का?’

नाही, होत नाही. अमुक रागाने मधुमेह जातो, तमुक रागाने रक्तदाब उतरतो, अशा याद्या व्हॉट्सअॅपवर फिरत असतात. त्या याद्यांवर विसंबून कुणी गोळी बंद केली, तर नुकसान त्या माणसाचं होतं. म्हणून आम्ही अशी यादी देत नाही आणि कुणी मागितली तरी लिहून देणार नाही. गाणं औषधाच्या जागी नसतं, ते औषधासोबत चालतं.

मग गाण्याने होतं काय?

पायाचं बोट उंबऱ्यावर आपटलं की आपण ते लगेच चोळतो, आणि बरं वाटतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचा उलगडा मांडला. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. ते किती उघडायचं हे जखमेवर तर अवलंबून असतंच, पण चोळण्याच्या स्पर्शावर आणि मेंदूकडून खाली येणाऱ्या निरोपांवरही असतं. भीती आणि ताण असला की फाटक सताड उघडतं. मन दुसरीकडे गुंतलं, जीव शांत झाला की ते थोडं लोटलं जातं. या सिद्धांताच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मेंदू दुखणं कमी-जास्त करू शकतो हा गाभा टिकून आहे. गाणं लक्ष वेधतं, श्वास संथ करतं, आवळलेले खांदे आणि जबडा सैल पडतो. जखम तेवढीच असते, तिचा त्रास मात्र कमी होतो. ड्रेसिंगनंतर एका आजींनी हे आमच्यापेक्षा नेमकं सांगितलं : ‘दुखते त् आहेच, पण माझं ध्यान तिकडं नाही.’

अभ्यासांतूनही असंच दिसतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये ७३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. ऑपरेशनच्या आधी, चालू असताना किंवा नंतर ज्यांना संगीत ऐकवलं, त्यांचं दुखणं आणि चिंता कमी होती, वेदनाशामक औषधही कमी लागलं. डिस्चार्ज मात्र लवकर मिळाला नाही, आणि हेही आम्ही घरच्यांना सांगतो. त्याच आढाव्यात गाणं कोणी निवडलं याने फार फरक पडलेला दिसला नाही. तरीही आम्ही निवड पेशंटवरच सोडतो, आणि त्यामागे आमची एक चूक आहे. सुरुवातीच्या काळात एका आजोबांना आम्ही न विचारता बासरी लावली. शांत, मधुर, कुणालाही आवडेल अशी. दोन मिनिटांत त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांच्या पत्नी गेल्या तेव्हा घरात तीच धून चालू होती, हे मागून मुलीने सांगितलं. त्या दिवसापासून विचारल्याशिवाय आम्ही एक स्वरही लावलेला नाही.

पेशंट जे सांगतात ते नेहमी मंद आणि शांत असतं असं नाही. कुणाला खंजिरीवरची भजनं हवी असतात, कुणाला भीमगीतं. ताजबाग दर्ग्याच्या वाटेवर वाढलेल्याला कव्वाली हवी असते, गडचिरोलीकडच्या मावशींना गोंडी गाणी. कुणी नव्वदच्या दशकातली सिनेमाची गाणी मागतं. गोंडी आम्हाला येत नाही. तेव्हा मावशीच गातात, आम्ही हलका ठेका धरतो. ती बैठक बहुतेक वेळा आमच्या सर्वांत चांगल्या बैठकींपैकी असते.

बैठक अशी चालते. आधी दहा मिनिटं बोलणं. दुखणं दहापैकी किती, हा दवाखान्यातला नेहमीचा प्रश्न आम्हीही विचारतो. पण म्हातारी माणसं पुष्कळदा ‘बारा आणे’ म्हणतात, आणि आम्ही सोळापैकी बारा असंच लिहून घेतो. बैठकीनंतर पुन्हा आण्यांतच विचारतो. मग गाणं सुरू होतं ते पेशंटच्या त्या वेळच्या गतीने. माणूस तळमळत असेल, श्वास भरभर चालला असेल, तर एकदम विलंबित लयीत गाऊन उपयोग नसतो. तो तिथवर येतच नाही. आधी त्याच्या लयीला लय मिळवायची, मग पाच-सात मिनिटांत हळूहळू उतरत जायचं. शेवटी साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांपर्यंत, म्हणजे स्वस्थ बसलेल्या माणसाच्या नाडीइतकं. पट्टी बदलायची असेल तर सिस्टर ट्रे घेऊन येण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी आम्ही सुरू करतो. कळ आल्यावर सुरू केलेलं गाणं उशिराचं असतं.

आमच्याकडे येणाऱ्यांत सिकलसेलची मुलं बरीच आहेत. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हे वाचकांना सांगायला नको. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडांत अशा कळा येतात की पोर रात्रभर कण्हतं. नागपूरच्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालं की त्रास वाढतो, थंडीतही वाढतो. अशा वेळी आधी डॉक्टर, सलाईन, वेदनाशामक आणि ऊब. ताप आला, छाती दुखू लागली किंवा धाप लागली तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. कळ थोडी आवरली की आम्ही येतो. मुलांसोबत आम्ही गाणं रचतो. त्यांच्या दुखण्याला नाव द्यायचं, त्याला दोन ओळींत दटावायचं, ठेका त्यांनी धरायचा. दुखण्यापुढे काहीच आपल्या हातात नाही असं वाटणारं मूल निदान लय तरी हातात धरतं.

कॅन्सरच्या पेशंटसोबत बैठकीचा बराच वेळ बोलण्यात जातो. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली सॉन्डर्स यांनी ‘संपूर्ण वेदना’ ही कल्पना मांडली : शरीराचं दुखणं, मनाची घालमेल, घरच्यांची काळजी आणि देवाला विचारलेले प्रश्न हे सगळं एकच दुखणं असतं. काटोलकडच्या एका शेतकऱ्याला किमोच्या दिवसांत पाठीपेक्षा संत्र्याचा बहार जास्त दुखत होता. फवारणी कोण करणार, हा घोर. गाण्याने फवारणी होत नाही. पण गाता गाता ते ही गोष्ट बोलले, आणि भावाने ती ऐकली.

किमोबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. सिस्प्लॅटिनसारख्या औषधाने काही जणांच्या कानावर परिणाम होतो, कानात शिट्टी वाजते. अशांना उंच स्वर टोचतात. ‘आवडतं गाणं नको झालं’ असं पेशंट म्हणाला तर ते डॉक्टरांना सांगा. आणि जिवापाड आवडतं गाणं किमोच्या खुर्चीत लावू नका. मळमळ त्या गाण्याला चिकटली तर नंतर घरीही ते ऐकवत नाही. त्या दिवसांसाठी दुसरं, साधं बरं वाटणारं गाणं ठेवा.

कमी दिवसांच्या बाळांसाठीही हे काम चालतं. अमेरिकेतल्या ११ रुग्णालयांत २७२ बाळांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईबाबांनी निवडलेलं गाणं अंगाईसारखं हळू गायलं गेलं. बाळांचे ठोके, दूध ओढणं, झोप यांत फरक दिसला, आणि आईबाबांचा ताणही उतरला. आम्ही तिथे स्वतः फार गात नाही, आईला गायला लावतो. ‘मले गाणं येत नाही’ म्हणणारी आई चौथ्या दिवशी गुणगुणते.

आवाजाविषयी. रात्री वॉर्डात ३० डेसिबलच्या वर आवाज नसावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही जवळजवळ कुजबुजीइतकी पातळी आहे. म्हणून हार्मोनियम आम्ही वॉर्डात नेत नाही. छोटं, तारांचं स्वरमंडळ आणि आवाज, एवढंच. आयसीयूत चामड्याचं वाद्य चालत नाही, कारण ते नीट पुसून निर्जंतुक करता येत नाही. त्यामुळे खंजिरी घरच्या बैठकीसाठी.

आम्हाला न बोलावताही घरच्यांना बरंच करता येईल. ॲडमिट होण्याआधी पेशंटला विचारून दहा गाणी मोबाइलवर उतरवून ठेवा. वॉर्डात नेटचा भरवसा नसतो, आणि गाण्याच्या मधोमध जाहिरात किंचाळली तर झोपलेला माणूस दचकतो. फोन फ्लाइट मोडवर टाका. वीस-तीस मिनिटं पुरे. सिस्टरचा आवाज ऐकू यायलाच हवा, म्हणून एक कान मोकळा ठेवा. पेशंटने हात हलवला की बंद करा, ‘थोडं ऐक ना’ म्हणू नका.

फिट येत असतील तर आम्हाला आधी सांगा. अगदी क्वचित काहींना संगीतानेच फिट येते. नुकतंच कुणी गेलं असेल तर तेही सांगा, म्हणजे गाणी जपून निवडता येतील.

पहिली भेट अर्ध्या तासाची, तिचे पैसे नाहीत. पुढची प्रत्येक बैठक ४५ मिनिटांची, ६०० रुपये. शासकीय रुग्णालयात भरती असलेल्यांकडून आम्ही काही घेत नाही. सहसा चार बैठकींत कळतं की उपयोग होतो आहे की नाही. होत नसेल तर आम्हीच थांबा म्हणतो. आम्ही भेटीला येऊ तेव्हा डॉक्टरांची चालू चिठ्ठी आणि औषधांचे कागद जवळ ठेवा. पेशंटला विचारून दोन गाणी लिहून ठेवा : एक जे आज ऐकावंसं वाटतं, आणि एक जे अजिबात नको.