कम्युनिटी कॉलेजातील आरोग्यसेवा शिक्षण

अमेरिकेतील दोन वर्षांच्या सार्वजनिक महाविद्यालयाला कम्युनिटी कॉलेज म्हणतात. शालेय शिक्षण पुरे केलेल्या कोणालाही तिथे प्रवेश मिळतो. फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते. कॅलिफोर्नियात रहिवाशांना ती एका क्रेडिटमागे (क्रेडिट म्हणजे अभ्यासक्रम मोजण्याचे एकक) ४६ डॉलर आहे. संध्याकाळचे वर्ग असल्याने नोकरी आणि संसार सांभाळून शिकणारे प्रौढ विद्यार्थी इथे मोठ्या संख्येने दिसतात. परिचारिका, क्ष-किरण तंत्रज्ञ, श्वसनोपचार करणारे, दातांची स्वच्छता करणारे, रुग्णवाहिकेवरचे पॅरामेडिक अशा, रुग्णाला प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसांपैकी बरीच याच कॉलेजांतून तयार होतात. डॉक्टर कसे घडतात यावर पुष्कळ लिहिले जाते. रुग्णाच्या उशाशी रात्रपाळी करणाऱ्यांच्या शिक्षणाकडेही तितक्याच आस्थेने पाहायला हवे.

अशा प्रकारचे पहिले सार्वजनिक महाविद्यालय १९०१ मध्ये इलिनॉयमधील जोलिएट येथे सुरू झाले. त्या काळी विद्यापीठाची पहिली दोन वर्षे गावातच शिकवणे एवढाच त्याचा हेतू होता. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने अशा कॉलेजांचे जाळे देशभर पसरावे अशी शिफारस केली. त्याच सुमारास रुग्णालयांना परिचारिकांची तीव्र टंचाई भासत होती. परिचर्येचे शिक्षण तेव्हा मुख्यतः रुग्णालयांच्या स्वतःच्या तीन वर्षांच्या शाळांत मिळे. मुलींनी वसतिगृहात राहायचे आणि शिकता शिकता वॉर्डातले कामही ओढायचे. लग्न झालेल्या स्त्रीला अनेक शाळा घेतच नसत.

ही चौकट मोडण्याचे श्रेय मिल्ड्रेड मॉन्टॅग यांना जाते. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात केलेल्या, १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी दोन वर्षांच्या परिचर्या शिक्षणाचा आराखडा मांडला. विद्यार्थी रुग्णालयाचा बिनपगारी कामगार नसावा. त्याने कॉलेजात शिकावे आणि शिकण्यासाठीच वॉर्डात जावे, हा त्याचा गाभा. १९५२ मध्ये सात कॉलेजे आणि एक रुग्णालयीन शाळा घेऊन पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला आणि तो यशस्वी ठरला. विवाहित स्त्रिया, मुलांच्या आया, पुरुष, वयाने मोठे लोक अशी पूर्वी दाराबाहेर राहिलेली माणसे परिचर्येत आली. या शिक्षणक्रमाची मला सर्वांत मोठी वाटणारी कमाई हीच. मॉन्टॅग यांच्या मनात चार वर्षांची पदवी घेतलेल्या परिचारिकेच्या हाताखाली काम करणारी तंत्रकुशल परिचारिका होती. प्रत्यक्षात मात्र दोन वर्षांचे विद्यार्थीही नोंदणीकृत परिचारिकेची तीच परवाना परीक्षा देऊन उत्तीर्ण होऊ लागले आणि ती पायरी कागदावरच राहिली.

पुढे इतर शाखा वाढल्या. सर्वांत छोटा अभ्यासक्रम नर्सिंग असिस्टंटचा. १९८७ च्या केंद्रीय कायद्याने त्यासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण ठरवले. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात १६० तास लागतात. रक्त काढणे, औषध दुकानातील सहायक, शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ असे अभ्यासक्रम काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचे. क्ष-किरण तंत्रज्ञांच्या राष्ट्रीय नोंदणीसाठी २०१५ पासून किमान दोन वर्षांची असोसिएट पदवी आवश्यक आहे.

नर्सिंगची दोन वर्षे म्हणायला दोन. त्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, इंग्रजी, मानसशास्त्र हे विषय चांगल्या गुणांनी पार करावे लागतात, आणि नोकरी करणाऱ्याची त्यातच दोनेक वर्षे जातात. कॉलेजाचे दार सर्वांना उघडे असले तरी नर्सिंगचे नाही. गुण, प्रवेश परीक्षा, काही ठिकाणी चिठ्ठ्या टाकून निवड, काही ठिकाणी प्रतीक्षायादी, असे प्रकार आहेत. प्रवेश मिळाला की लसीकरणाचे दाखले, क्षयाची चाचणी, पार्श्वभूमीची पडताळणी आणि हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवनाचे प्रमाणपत्र द्यायचे. त्यानंतर पुतळ्यांवर सराव. हे पुतळे श्वास घेतात, त्यांची नाडी लागते, रक्तदाब घसरतो. मूत्रनलिका घालणे, निर्जंतुक पट्टी बदलणे ही कौशल्ये शिक्षिकेसमोर एकेक करून दाखवावी लागतात. औषधमात्रेच्या गणिताला तर अनेक कॉलेजांत नव्वद टक्क्यांहून कमी गुण चालत नाहीत. दशांश चिन्ह एक घर सरकले तर रुग्णाला दहापट औषध जाते, तेव्हा ही कडक शिस्त योग्यच आहे.

आठवड्यातले एक-दोन दिवस ‘क्लिनिकल’चे, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे. सकाळी सातच्या पाळीबदलाआधी हजर राहायचे, रात्रपाळीच्या परिचारिकेकडून रुग्णाची हकिकत ऐकायची, मग शिक्षिकेच्या नजरेखाली काम. एका शिक्षिकेमागे साधारण आठ-दहा विद्यार्थी असतात. शेवटी एनसीएलईएक्स ही राष्ट्रीय परवाना परीक्षा. ती संगणकावर होते आणि प्रत्येक उत्तरानुसार पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरते. एप्रिल २०२३ पासून ८५ ते १५० प्रश्न येतात. विद्यापीठाचा पदवीधर आणि कम्युनिटी कॉलेजचा विद्यार्थी दोघांनाही हीच परीक्षा.

मग परिचारिकांची टंचाई असताना पात्र अर्जदार परत का पाठवले जातात? अडते शिक्षकांपाशी आणि वॉर्डांपाशी. शिकवण्यासाठी सहसा पदव्युत्तर पदवी लागते, आणि तेवढे शिकलेल्या परिचारिकेला रुग्णालयात कॉलेजपेक्षा जास्त पगार मिळतो. एका शहरातली चार-पाच कॉलेजे त्याच प्रसूती किंवा बालरोग वॉर्डात जागा मागतात. राज्यांच्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पारंपरिक क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास उत्तम सिम्युलेशनने, म्हणजे पुतळ्यांवरच्या सरावासारख्या प्रसंगांनी, भरून काढले तरी शिक्षणाचा दर्जा टिकतो, असे दिसले. त्यामुळे वॉर्डांवरचा ताण थोडा हलका झाला. शिक्षकांची उणीव पुतळ्यांनी भरत नाही. त्यासाठी पगारच वाढवावे लागतील.

दोन वर्षे पुरेशी आहेत का, हा वाद १९६५ पासून चालू आहे. त्या वर्षी अमेरिकन नर्सेस असोसिएशनने व्यावसायिक परिचारिकेसाठी चार वर्षांच्या पदवीचा आग्रह धरला. नॉर्थ डकोटाने १९८७ मध्ये तसा नियम केला आणि २००३ मध्ये मागे घेतला. २००३ मध्येच लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचे पेनसिल्व्हेनियातील रुग्णालयांवरचे संशोधन आले. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण जिथे अधिक, तिथे शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू कमी आढळले. न्यूयॉर्कने २०१७ च्या कायद्याने मधली वाट काढली : दोन वर्षांच्या शिक्षणावर काम सुरू करा, पण परवान्यानंतर दहा वर्षांत पदवी मिळवा. ही वाट न्याय्य वाटते, कारण कमावता कमावता शिकण्याची सोय तीत शाबूत राहते. फ्लोरिडासारख्या काही राज्यांत तर ही कॉलेजे आता स्वतःच परिचर्येची पदवी देतात.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास कम्युनिटी कॉलेज योजना आणली; तिचा भर कौशल्य-अभ्यासक्रमांवर आहे. आपल्याकडे नोंदणीकृत परिचारिका होण्याचा मार्ग जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी ही पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग हाच. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी स्त्रियांचा या कॉलेजांशी संबंध वेगळ्या कारणाने येतो. पतीच्या नोकरीमुळे एच-४ व्हिसावर आलेल्या स्त्रीला शिकता येते, पण स्वतंत्र परवानगीखेरीज नोकरी करता येत नाही. ही परवानगीही २०१५ पासून काहींनाच मिळते. भारतातली बीएस्सी असली तरी गुणपत्रिकांचे मूल्यमापन करून घ्यावे लागते, आणि पाच-सात वर्षांपूर्वीचे विज्ञान विषय अनेक कॉलेजे ग्राह्य धरत नाहीत. भारतातून जीएनएम करून गेलेल्या परिचारिकेला एनसीएलईएक्सला बसण्याआधी आपल्या शिक्षणाची पडताळणी करून घ्यावी लागते. तीत एखाद्या विषयाचे वर्ग किंवा क्लिनिकल तास कमी भरले, तर संबंधित राज्याच्या परिचर्या मंडळाच्या संमतीने ते पूर्ण करावे लागतात.